न निघालेल्या चौथ्या प्लगविषयी आत्यास

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा आणि बाकीच्या तुला एकत्र, असा नमस्कार. डावा गुडघा उजव्यापेक्षा जास्त मानी आहे असं तू मागे लिहिलं होतंस, म्हणून आधी त्याला. रक्तदाब कसा आहे? व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई अजून येतात, की त्यांनाही तू वाटेला लावलंस? दादाला आणि वहिनीला माझा नमस्कार सांग. दादा अजून ब्रेक तसाच करकचून मारतो का, हे विचारत नाही, कारण तू पोटच्या लेकाच्या गाडीत पाय ठेवणं बंद केलंयस हे इथपर्यंत कळलंय.

(सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. हल्ली कुठलंही पत्र पाकिटात घालण्याआधी अप्पा ते वाचून दाखवायला लावतात. स्वतःला वाचता येईनासं झाल्यापासून घरातला कागद न् कागद आपल्या कानाखालून जायला हवा असा त्यांचा हुकूम आहे. विजेचं बिलसुद्धा ते भूपाळी ऐकावी तसं शांतपणे ऐकतात. फोनची तर सोयच नाही, तो त्यांच्या खुर्चीला चिकटून आहे. तेव्हा मी असं ठरवलंय की त्यांनी ऐकायचं ते उघड लिहायचं, आणि तुला सांगायचं ते कंसात. वाचून दाखवताना मी कंस गाळणार. मी शाळेत इतिहास शिकवतो, तेव्हा नको ते गाळून उरलेलं सलग वाचायची मला सवय आहे. तू मात्र कंसच नीट वाच.)

इकडे सर्व क्षेम आहे. अप्पांची तब्येत ठणठणीत आहे, भूक चांगली आहे, झोप शांत लागते. (भूक बरी आहे. झोप नाही. पहाटेच उठून खुर्चीत बसतात आणि दिवा लावत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, लावून काय वेगळं होणार आहे.) डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी थेंब तेच चालू ठेवायला सांगितले आणि उन्हात फिरताना काळा चष्मा घाला म्हणाले. (त्यापुढचं त्यांनी अप्पांना बाहेर बाकावर बसवून मला एकट्याला सांगितलं. काचबिंदूनं कडेचं सगळं खाल्लंय. मधोमध एक कुलपाच्या भोकाएवढं दिसणं शिल्लक आहे आणि तेही मिटत चाललंय. आता त्याला औषध नाही. किती काळ, असं मी विचारलं तर ते म्हणाले, त्यांना ज्यांना पाहून घ्यायचं असेल त्यांना लवकर पाहून घेऊ द्या. मी तोंडावर काही दिसू न देता बाहेर आलो. पण दार पातळ होतं, आणि तुझ्या भावाचे कान तुला माहीत आहेत. उभा जन्म पंपघरात काढला त्यांनी, भिंतीपलीकडचा वॉल्व्ह गळतोय हे जेवताना ओळखायचे. घरच्या पायऱ्या चढताना म्हणाले, ताईला एकदा नीट बघायचंय.)

तर तुला भेटायला यायचं ठरलंय. एवढ्यात तू खूश होऊन चादरी धुवायला काढशील, म्हणून थांबवतो. यायचं ते आपल्या गाडीनं यायचं आहे. ही म्हणाली, भाड्याची गाडी बोलावू, सकाळी निघून दुपारी पोचू. अप्पा म्हणाले, मी ताईला लग्नानंतर ज्या गाडीतून सोडून आलो त्याच गाडीतून तिला दर वर्षी भेटायला गेलो, आता भाड्याच्या गाडीतून जाऊन तिच्या दारात पाहुण्यासारखा उतरू का? मी म्हटलं, अप्पा, उतरणार तर पाहुणे म्हणूनच ना. त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे मी होतो त्याच्या जरा डावीकडे पाहिलं, पण जरब तीच होती. विषय तिथं संपला. (तू तिकडे घर सोडून हलणार नाही म्हणतेस, हे इकडे आपल्या गाडीशिवाय हलणार नाही म्हणतात. आजी-आजोबांनी तुम्हा दोघांना कशावर वाढवलं हे इतिहासाला माहीत नाही.)

गाडी पाहून तुला बरीच वर्षं झाली. अप्पांनी चालवणं सोडल्यापासून ती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या पडद्याखाली उभी आहे. पडदा काढला तेव्हा मागच्या सीटवर एक मांजरीण बाळंत झालेली निघाली. तिला आणि तिच्या प्रजेला खोक्यात हलवलं. (ती अजून माझ्याकडे घरमालकाकडे भाडेकरूनं बघावं तसं बघते.) टायरांत हवा भरली, नवी बॅटरी आणली, टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. त्याला वार्निशाचा वास येत होता. मग मी किल्ली फिरवायला बसलो, तर अप्पा काठी आपटत शेडच्या दारात उभे. म्हणाले, खबरदार. इतकी वर्षं उभं असलेलं इंजिन एकदम फिरवशील तर आतल्या रिंगा सिलिंडरला ओरबाडतील. आधी चारही प्लग काढ, प्रत्येक भोकातून चमचाभर तेल सोड, ते मुरू दे, मग फिरव. ते बरोबरच बोलत होते, यंत्राच्या बाबतीत ते चुकत नाहीत. तेव्हा प्लग काढायला बसलो, आणि या पत्राचा खरा विषय सुरू झाला.

प्लग निघेनात. चारातला एकही जागचा हलेना. मी प्लगपाना लावला, दोन्ही हातांनी लोंबकळलो, पाय बंपरला लावून मागे रेललो, तर गाडीच पुढे आली. (मांजरीण खोक्यातून हे सगळं बघत होती.) आता यात शास्त्रीय कारण असं की प्लग ज्यात बसतात ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आणि प्लग लोखंडाचे. दोन धातू वर्षानुवर्षं ओलीत एकमेकांना चिकटून राहिले की गंजून एकजीव होतात, नंतर कुणाचं काय ते सांगता येत नाही. हे कारण गाडीच्या पुस्तकात दिलेलं आहे. पण आपल्या घराण्याचं एक वेगळं कारण आहे, ते पुस्तकात नाही, आणि ते तुला समजावून सांगायची गरज नाही.

आत्या, आपल्याकडे कुठलीही गोष्ट बंद केली की बंद झाली असं कुणी मानत नाही. वरून आणखी एक पीळ द्यायचा. पंपघरात गळती म्हणजे नोकरीवर गदा, म्हणून अप्पांना ती सवय लागली असं आई म्हणायची. पण मग तुला कुठून लागली? तू राहायला येऊन गेलीस की न्हाणीघरातला नळ उघडायला नळवाल्याला बोलवावं लागायचं. तू बंद केलेल्या बरण्यांची झाकणं उघडायला तुमच्या घरी कपाटात वेगळी पक्कड होती, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि तुझे यजमान ती पक्कड किती निमूटपणे काढायचे तेही. मी शाळेत शाईच्या बाटल्या आवळायचो, दुसऱ्या दिवशी वर्ग पेन्सिलीनं लिहायचा. आईनं या घरात आल्यावर सुरुवातीला बंड केलं, म्हणजे झाकणं नुसती ठेवायची. पुढे पुढे तीही एक पीळ द्यायला लागली. अप्पा म्हणाले होते, आता आपली झालीस.

तर झालं असं. मी पाना लावून घामाघूम झालेला पाहून (ऐकून म्हणतो) अप्पांनी विचारलं, हे प्लग शेवटचे कधी आवळलेस? मी म्हटलं, दर वर्षी आवळतो. उन्हाळ्याच्या सुटीत शेड झाडायला गेलो की एकेक पीळ देऊन येतो, ढिले राहायला नकोत. अप्पा म्हणाले, मीही देतो. थंडी सुरू झाली की. तेवढ्यात ही कपडे वाळत घालता घालता म्हणाली, आई होत्या तोवर त्यापण जाऊन देऊन यायच्या, म्हणायच्या दोघांच्याही लक्षात राहायचं नाही. म्हणजे उभ्या गाडीची काळजी घ्यायची म्हणून अख्खं घर एकमेकांना न सांगता वर्षानुवर्षं तेच चार प्लग आवळत होतं, आणि ते एकदा तरी सोडून पाहावेत असं कुणाच्याही मनात आलं नाही. मला वाटलं आता अप्पा चिडणार. ते चिडले नाहीत. उलट जरा अभिमानानंच म्हणाले, मग गळले नसतील एवढं नक्की.

पहिला उपाय तेलाचा. गंज सोडवायचं तेल चारही खळग्यांत सोडलं आणि रोज शाळेतून आलो की पुन्हा सोडत राहिलो. अप्पा दर संध्याकाळी शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचे. मी पाना लावून नुसता दाब द्यायचा आणि त्यांनी आवाज ऐकायचा. नाही, म्हणायचे. अजून नाही. रुग्णाच्या उशाशी बसावं तसं आम्ही बसायचो. आईच्या आजारपणात आम्ही असेच बसायचो, तेव्हाही फारसं बोलत नव्हतो. पण या वेळी मला ते बसणं आवडायला लागलं. (खोटं कशाला बोलू, मी शाळेतून लवकर यायला लागलो.)

दुसरा उपाय ऊब देण्याचा. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की अडकलेले प्लग इंजिन कोमट असताना काढावेत. इंजिन कोमट व्हायला ते चालू व्हायला हवं. ते चालू व्हायला प्लग निघायला हवेत. हे वाक्य मी अप्पांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, लिहिणाऱ्यानं गाडी पाहिलेली नाही. मग त्यांनीच युक्ती काढली. रविवारी सकाळी ओट्यावर घरातली सगळी पातेली चढवली, रेडिएटर रिकामा केला आणि आधी कोमट, मग कढत, मग उकळतं पाणी ओतायला सुरुवात केली. एकदम उकळतं घातलं तर थंड लोखंड तडकतं, म्हणून पाण्याच्या पायऱ्या. मी स्वयंपाकघर ते शेड अशा खेपा घालत होतो. ही केस वाळवायचं यंत्र घेऊन आली आणि गाडीच्या हेडवर गरम वारा सोडत उभी राहिली. (तिला त्या दिवशी माहेरी लग्नाला जायचं होतं. ती तशाच ओल्या केसांनी गेली आणि तिकडे कुणी काय विचारलं हे तिनं मला अजून सांगितलेलं नाही.) वाफ, पाणी, तेल, मांजरं आणि मधे खुर्चीवर अप्पा, असा देखावा होता. मी पाना लावला. अप्पांनी हात वर केला. आतून बारीक करकर ऐकू आली. अप्पांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आईच्या जाण्यानंतर पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, बोलला.

आवाज ऐकून समोरचे दातांचे डॉक्टर रस्ता ओलांडून आले. यांना तू ओळखत नाहीस. निवृत्त होऊन बराच काळ झाला, पण हात स्वस्थ बसत नाहीत. रस्त्यावर कुणी जांभई दिली तरी थांबून आत डोकावतात. त्यांनी खाली वाकून प्लग पाहिले आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. म्हणाले, अक्कलदाढा. घरी जाऊन ते दांडीवरचा छोटा आरसा आणि कपाळाला बांधायचा दिवा घेऊन आले. त्यांचं म्हणणं असं की ओढणं हा अडाणीपणा आहे. आधी डुलवायचं, इकडे थोडं, तिकडे थोडं, मग ते आपणहून येतं. अप्पा म्हणाले, तेच तर. सोडवायचा असेल तर आधी केसभर आवळायचा, मग केसभर सोडायचा, मग परत आवळायचा. यंत्रशास्त्रात आपल्या घराण्याला जमेल असा हा एकच नियम असावा.

मग सुरू झालं. डॉक्टर आरशानं बघणार, अप्पा कानानं ऐकणार, मी पाना धरणार. थांब, अप्पा म्हणायचे, आता आवळ. सोड. किंचाळला, थेंबभर तेल दे. डॉक्टर प्लगला धीर देत होते, झालं हां, झालंच, अजिबात दुखणार नाही. पहिला प्लग निघाला तेव्हा अप्पांनी तो हातात घेतला, आट्यांवरून अंगठा फिरवला, नाकाशी धरला. म्हणाले, याच गाडीतला वास. दुसरा निघाला, तिसरा निघाला. डॉक्टरांनी प्रत्येक वेळी तो स्टीलच्या वाटीत टाकला, ठण्ण आवाज होईल असा. मला वाटतं त्यांनाही तो आवाज ऐकून बरेच दिवस झाले होते. ही लग्नाहून आली आणि न विचारता सगळ्यांना चहा करून दिला. अप्पा चहा घेताना सांगत होते, वाटेत नदीच्या पुलाशी थांबू, ताईला सोडायला गेलो तेव्हा तिथं ती फार रडली होती आणि मी इंजिन बघायच्या निमित्तानं बॉनेट उघडून उभा होतो. इंजिनाला काही झालेलं नव्हतं, असं म्हणाले. हे तुला माहीत होतं का? मला माहीत नव्हतं.

चौथा प्लग तुटला.

लांबण लावत नाही. आधी वरची चिनीमाती गेली, ती जाणारच होती. मग षट्कोनी भाग पान्यातच राहिला आणि मी मागे पातेल्यांत जाऊन पडलो. आटे आतच. डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, मूळ राहिलं. सवयीनं त्यांनी खिशातून कापसाचा बोळा काढून माझ्या हातात दिला. मी तो धरून उभा राहिलो, कारण आणखी काय करायचं ते सुचत नव्हतं. अप्पा उठले, चाचपडत गाडीशी आले आणि खळग्यात बोट घालून तुटलेल्या कडेवरून सावकाश फिरवलं. कितीतरी वेळ. मग रुमालानं बोट पुसलं आणि म्हणाले, तुझी चूक नाही, हात बरोबर चालला होता तुझा. आत्या, मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे आणि मुलं मला टरकून असतात. पण मला त्या वेळी शेडच्या मागे जाऊन उभं राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला येऊन बघून गेला. त्याच्या मते काळजीचं कारण नाही. हेड उतरवायचं, लेथवर नेऊन राहिलेलं मूळ कापून काढायचं, नवे आटे पाडायचे, परत बसवायचं. हेडखालची पॅकिंग आता कुठं मिळत नाही, ती हातानं कापून घ्यावी लागेल, पण होईल. (गॅरेजवाला आधी म्हणाला, भंगारात द्या. मी त्याला खूण करून बाहेर नेलं. मग म्हणाला, पाऊस संपला की बघू, आत्ता हातात कामं आहेत. लेथवाल्याचंही तसंच. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर नव्या वर्षाच्या सुमाराला.) अप्पा म्हणतात घाई नाही, काम नीट होऊ दे. मीही तेच म्हणतो. तेव्हा तू निर्धास्त राहा. आज ना उद्या गाडी तुझ्या दाराशी येऊन उभी राहील, आवाज लांबूनच ऐकू येईल. चादरी आत्ताच धुऊ नकोस. गुडघ्यांना जप. दादा-वहिनीला नमस्कार.

तुझा
भाचा

ता. क. : पत्र अप्पांना वाचून दाखवलं. त्यांना आवडलं. पुलाची गोष्ट लिहायला नको होती म्हणाले, पण खोडू नको असंही म्हणाले. आता ते आत जाऊन पडलेत म्हणून घाईनं लिहितो. आत्या, गाडी येणार नाही. येईलही कदाचित, पण तोवर तिच्यातून उतरून त्यांना तू दिसणार नाहीस. डोळ्यांच्या डॉक्टरांनी धीर धरा असं म्हटलेलं नाही. गॅरेजवाला मात्र तेवढंच म्हणतो. तेव्हा तूच ये. घर सोडून हलणार नाही म्हणाली होतीस हे मला माहीत आहे, तुला तुझा शब्द मोडायला लावतोय हेही कळतं. दादाला सांग सावकाश चालव. तो चालवेल, माझं नाव सांग. हा आठवडा संपायच्या आत आलीस तर फार बरं.

दुसरा ता. क. : मी बोलावलं असं अप्पांना अजिबात कळता कामा नये. भाड्याच्या गाडीपुरताच त्यांचा हट्ट नाही. आजारी माणसाला भेटायला लोक येतात तशी तू यावीस, हे त्यांना सोसणार नाही. तू असं म्हण की इथं गुडघ्यांचे एक नामी डॉक्टर आहेत आणि त्यांना दाखवायला आले. तसे कुणी इथं नाहीत, पण दातांचे आहेत, ते वेळ मारून नेतील. त्यांना मी सांगून ठेवलंय. त्यांनी लगेच विचारलं, गुडघे काढायचेत का?

तिसरा ता. क. : मी पाकीट चिकटवत होतो तोच अप्पा बाहेर आले आणि म्हणाले, सही झाल्यावर इतका वेळ पेन कुणाचं चालतं? आणि मघाशी वाचताना तू मधेमधे श्वास घ्यायला थांबत होतास, तिथं जे होतं तेही वाच. मी आढेवेढे घेतले. ते खुर्चीत बसून राहिले. शेवटी मी सगळं पत्र कंसांसकट आणि ता. क.सकट पुन्हा वाचलं. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या वाक्याशी आलो, तर म्हणाले, ते ऐकलंय मी, पुढे वाच. वाचून झाल्यावर म्हणाले, एक चूक आहे. तुटला तो चौथा प्लग नाही, पहिला आहे. सिलिंडर पुढून मोजतात, तू काढलेस त्या क्रमानं नाही. ते दुरुस्त कर. मी दुरुस्त करतो म्हणालो, पण वर किती ठिकाणी चौथा आलाय ते पाहून सोडून दिलं, तू समजून घे. मग त्यांनी मला पेन उचलायला लावलं. पुढचं त्यांचं आहे, शब्दाला शब्द.

ताई, हा म्हणतो ते खरं आहे. गाडी काही होत नाही. तू ये. गुडघ्याचा डॉक्टर वगैरे काही सांगू नकोस, मी बोलावलं म्हणून ये. सकाळी उजेड असताना पोच. आल्यावर खिडकीसमोर बस, माझ्या समोर, बाजूला नाही. आणि आल्या आल्या बोलायला लागू नकोस. बोलताना तू सारखी मान हलवतेस, आणि मला एका वेळी जरासंच दिसतं. मी सांगेपर्यंत थोडा वेळ गप्प बस. मग हवं तितकं बोल, कान चांगले आहेत माझे.